नवख्याला सोपे, जाणत्याला गोड : काँट्रा नृत्याची पावणेचारशे वर्षे

१) एका दालनात शंभर माणसे नाचायला उभी आहेत, अशी कल्पना करा. त्यांतील वीस जण आज प्रथमच आले आहेत, तर वीस जण तीस वर्षांपासून नाचत आहेत. सर्वांनी एकच नृत्य, एकाच वेळी, एकमेकांचे हात धरून करायचे आहे. नवखा गोंधळणार नाही आणि जाणता कंटाळणार नाही असे नृत्य कसे निवडावे? अमेरिकेतील ‘काँट्रा डान्स’ या लोकनृत्याच्या मेळ्यांत हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. त्याच्या उत्तराला पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२) प्रथम या नृत्याची ओळख करून घेऊ. दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. समोरची व्यक्ती तो आपला जोडीदार आणि बाजूची व्यक्ती तो शेजारी. दोन जोड्या मिळून चौघांचा एक गट होतो. या चौघांनी ६४ पावलांत ठरलेला क्रम पुरा करायचा. क्रम संपला की एक जोडी रांगेत एक स्थान वर आणि दुसरी एक स्थान खाली सरकते. दोघींनाही नवी शेजारी जोडी मिळते आणि तोच क्रम पुन्हा आरंभापासून सुरू होतो.

३) ६४ हा आकडा संगीतातून आला आहे. धुनीचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा असतो आणि दोनदा वाजवला जातो; म्हणजे एकूण ३२ खंड आणि प्रत्येक खंडात दोन पावले. एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटात संपते. आठ-नऊ मिनिटांच्या नृत्यात पंधराहून अधिक फेऱ्या होतात. म्हणजे नवख्याला तोच धडा पंधरा वेळा, पंधरा निरनिराळ्या शेजाऱ्यांबरोबर गिरवायला मिळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे महत्त्व कळेल.

४) व्यासपीठावर वादकांच्या शेजारी एक व्यक्ती उभी असते. तिला ‘कॉलर’ म्हणतात. ती आधी संगीताविना चालून चालून क्रम समजावते. मग वादन सुरू झाल्यावर प्रत्येक हालचालीच्या किंचित आधी तिचे नाव उच्चारते. नर्तकांच्या अंगी क्रम भिनला की ती गप्प होते. आज कोणते नृत्य करायचे हे बहुधा तीच ठरवते. आपला प्रश्न तिच्यापुढचा आहे. परंतु आरंभीच्या काळात कॉलर नव्हताच. मग हा प्रश्न सुटत होता कसा?

५) १६५१ साली लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे पुस्तक काढले. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि देशावर प्युरिटन विचारांच्या मंडळींची सत्ता होती. अशा काळातील या पुस्तकात १०५ नृत्ये धुनींसह छापली होती. त्यांना ‘कंट्री डान्स’ म्हणत. त्यांत गोल, चौकोनी, ठरावीक जोड्यांची अशी सर्व प्रकारची नृत्ये होती. काहींवर मात्र ‘येतील तितक्यांसाठी लांब रांग’ अशा अर्थाची सूचना होती.

६) पुढच्या पाऊणशे वर्षांत या पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. त्यांत गोल व चौकोनी नृत्ये मागे पडत गेली आणि लांब रांगेने बाजी मारली. दालन लांबट असो वा माणसे कितीही येवोत, रांग वाढवता येत असे. फ्रान्समध्ये हेच नृत्य ‘काँत्रदान्स’ या नावाने गेले; १७०६ साली फयेने त्यांचा संग्रह छापला. ‘कंट्री’पासून ‘काँत्र’ आणि पुढे अमेरिकेत ‘काँट्रा’ असा या नावाचा प्रवास सांगितला जातो.

७) अठराव्या शतकातील रांगेची रीत आजच्यापेक्षा निराळी होती. रांगेच्या अग्रभागी असलेली जोडी नृत्य ठरवी आणि प्रथम तीच नाचू लागे. खालच्या सर्व जोड्या उभ्या राहून पाहत. अग्रजोडी एकेक स्थान खाली उतरत आपल्यापर्यंत आली म्हणजे आपला सहभाग सुरू होई. रांग मोठी असेल तर शेवटच्या जोड्यांना बराच वेळ नुसते उभे राहावे लागे. आजच्या नर्तकाला हे कंटाळवाणे वाटेल. त्या काळी मात्र हीच शाळा होती.

८) नवखा रांगेच्या तळाशी उभा राही. त्याच्यापर्यंत नृत्य पोहोचेपर्यंत त्याने तोच क्रम अनेकदा डोळ्यांखालून घातलेला असे. अग्रस्थानी मात्र मानाची माणसे असत. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीत नृत्यसमारंभाचा आरंभ करण्याचा मान नवविवाहित मिसेस एल्टनकडे जातो आणि एमाला दुसऱ्या स्थानी उभे राहावे लागते. तिला ते सलते. रांगेतील जागा ही समाजातील जागा होती. नवखे आणि जाणते यांचा मेळ असा उतरंडीने बसवला जाई.

९) शिवाय शिकवायला नृत्यगुरू होते. लंडनच्या टॉमस विल्सनने १८०८ साली कंट्री डान्सच्या आकृत्यांचे विश्लेषण करणारे पुस्तक लिहिले. ज्याच्या गाठीशी पैसा होता तो गुरूकडून शिकूनच समारंभाला जाई. अमेरिकेतही हेच घडत होते. जॉन ग्रिफिथ्स या नृत्यगुरूने १७८८ साली प्रॉव्हिडन्स येथे नृत्यांचा संग्रह छापला. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेतील या प्रकारच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

१०) ज्यांना गुरू परवडत नव्हता त्यांचे काय? येथे इतिहासाने एक मोठे वळण घेतले. अमेरिकेत गोऱ्यांच्या समारंभांत व्हायोलिन वाजवणारे अनेक वादक कृष्णवर्णीय होते; त्यांत गुलामगिरीत अडकलेलेही होते. वाजवता वाजवता हालचाली मोठ्याने सांगण्याची प्रथा या वादकांतून रुजली, असे फिल जेमिसन या अभ्यासकाने साधार मांडले आहे. या एका प्रथेने गुरूची मक्तेदारी मोडली. पाठ नसलेला माणूसही आता नाचू शकत होता. आजच्या कॉलरच्या परंपरेचे मूळ येथे आहे.

११) एकोणिसाव्या शतकात क्वाड्रिल, वॉल्ट्झ आणि पोल्का यांची लाट आली. शहरांनी लांब रांगेकडे पाठ फिरवली. न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन या डोंगराळ राज्यांतील खेड्यांनी मात्र ती जपली. गावच्या सभागृहात, प्रसंगी शेतघराच्या स्वयंपाकघरातही नाच होत. तेथे आपला प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सुटला. मूल आजीआजोबांबरोबर रांगेत उभे राही आणि बहुधा त्याच मोजक्या नृत्यांवर लहानाचे मोठे होई.

१२) ‘मनी मस्क’, ‘कोरस जिग’, ‘हल्स व्हिक्टरी’, ‘पेट्रोनेला’ ही त्यांतील काही गाजलेली नावे. ‘मनी मस्क’ची धून स्कॉटलंडच्या डॅनियल डाउची आणि अठराव्या शतकातील. अशा नृत्यांत प्रत्येक गटातील एक जोडी ‘सक्रिय’ असे. ‘कोरस जिग’मध्ये हीच जोडी रांगेबाहेरून खाली जाऊन परत येते, मग रांगांच्या मधून जाऊन येते आणि शेवटी एकमेकांबरोबर गिरकी घेते. दुसऱ्या जोडीच्या वाट्याला पाहणे आणि वेळेवर हात देणे एवढेच काम. म्हणजे निम्मी रांग अजूनही पाहत पाहत शिकत होती.

१३) विसाव्या शतकात ही परंपरा टिकवण्याचे मोठे श्रेय न्यू हॅम्पशायरच्या राल्फ पेज (१९०३–१९८५) यांना जाते. १९३७ साली बेथ टोलमन यांच्यासह त्यांनी ‘द कंट्री डान्स बुक’ लिहिले. १९४९ ते १९८४ अशी पस्तीस वर्षे ‘नॉर्दर्न जंकेट’ हे नियतकालिक चालवून नृत्ये, धुनी आणि गावोगावच्या आठवणी त्यांनी नोंदवल्या. त्यांच्या पुढच्या पिढीतील डडली लॉफमन यांच्या वादनाकडे आणि कॉलिंगकडे १९६० नंतर तरुण मंडळी ओढली गेली.

१४) आणि येथेच जुन्या व्यवस्थेला तडा गेला. हे तरुण शहरांतून, विद्यापीठांतून आले होते. त्यांचे बालपण या रांगेत गेले नव्हते. अग्रस्थानाचा मान त्यांना मान्य नव्हता आणि अर्धा वेळ उभे राहणे तर मुळीच नको होते. एक सोडून सर्वांनी सतत नाचावे, ही मागणी आली. ती न्याय्यच होती. पण पाहत शिकण्याची जागा तिने पुसून टाकली, हे लक्षात यायला वेळ लागला. सर्व जण एकाच वेळी हलू लागले, तर नवख्याने पाहायचे कोणाकडे?

१५) रचनाकारांनी या मागणीला उत्तर दिले. हर्बी गॉड्रो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही जोड्यांना सारखे काम देणाऱ्या रचना केल्या. त्यांच्या ‘बेकेट रील’वरून एका रांगरचनेला ‘बेकेट’ हे नाव पडले. टेड सॅनेला (१९२८–१९९५), टोनी पार्क्स, जीन ह्यूबर्ट आणि इतरांनी ही वाट रुंद केली. सॅनेला यांच्या १९८२ मधील पुस्तकाचे नावच ‘बॅलन्स अँड स्विंग’ असे आहे. त्या नावातील दोन हालचाली म्हणजे नव्या नृत्याचा गाभा होय.

१६) ‘बॅलन्स’ म्हणजे हात धरून चार मात्रांत एकमेकांकडे झेपावणे आणि मागे येणे. ‘स्विंग’ म्हणजे दोघांनी एकमेकांच्या आधाराने जागच्या जागी घेतलेली गिरकी. फुगडीची आठवण यावी अशीच ती असते, फक्त पकड नृत्यातल्या जोडीची. फुगडीप्रमाणेच येथेही दोघांनी एकमेकांना तोलून धरले तरच वेग येतो. जुन्या नृत्यांत ही गिरकी बहुधा सक्रिय जोडीच्या वाट्याला येई. आता ती सर्वांना मिळाली, एकदा शेजाऱ्याबरोबर आणि एकदा जोडीदाराबरोबर.

१७) आता उदाहरण घेऊ. डेव्हिड केनर यांचे ‘द बेबी रोझ’ हे नवख्यांसाठी वर्षानुवर्षे निवडले जाणारे नृत्य. त्याचा क्रम असा : शेजाऱ्याबरोबर बॅलन्स आणि स्विंग (१६ पावले). चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण वर्तुळ (८). जोडीदाराभोवती पाठीला पाठ लावून फिरणारा ‘डो-सी-डो’ (८). जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग (१६). ‘चेन’, म्हणजे गटातील दोघींनी उजवा हात देऊन पलीकडे जाणे आणि तिथल्याने त्यांना वळवून घेणे (८). शेवटी चौघांचे डावे हात मध्यभागी जुळवून चांदणी (८). समोर नवा शेजारी हजर.

१८) हे नृत्य नवख्याला का जमते? ६४ पैकी ३२ पावले बॅलन्स-स्विंगमध्ये जातात आणि स्विंग ही हालचाल फार क्षमाशील आहे. पोहोचायला चार मात्रा उशीर झाला तर गिरकी चार मात्रांनी लहान होते, एवढेच; पुढची हालचाल वेळेवर सुरू होते. एका फेरीत अशा दोन जागा आहेत, जिथे झालेली चूक विरून जाते. चूक होऊ न देणारे नृत्य अस्तित्वात नाही. चूक सावरायला जागा देणारे नृत्य निवडावे.

१९) दुसरे कारण हातांत आहे. वर्तुळ, चेन, चांदणी या सर्वांत कुणीतरी आपला हात धरलेला असतो. हात धरलेला माणूस हरवत नाही. तिसरे कारण असे की संपूर्ण फेरी त्याच चौघांत घडते. दूरच्या कुणाला शोधावे लागत नाही. चौथे म्हणजे पुढच्या स्थानी सरकणे चांदणीच्या ओघातच होते, त्यासाठी वेगळे स्मरण नको. सर्वांत अवघड हालचाल चेन आहे. पण तिथे वळवून घेणारा जाणता असेल तर तोच नवख्या व्यक्तीला योग्य जागी पोहोचवतो.

२०) मग जाणत्याला त्यात काय मिळते? पहिली गोष्ट ओघ. डो-सी-डो संपताना शरीर जोडीदाराकडेच येत असते. त्यातून बॅलन्स उमलतो. दुसरी गोष्ट मोकळीक. डो-सी-डोची आठ पावले नवखा चालून पुरी करतो, जाणता त्यांत स्वतःभोवती दोन गिरक्या मारतो आणि दोघेही एकाच मात्रेवर पोहोचतात. तिसरी गोष्ट संगीत. बॅलन्स धुनीच्या भागारंभावर पडतो. शंभर पावले एकदम लाकडी जमिनीवर आपटतात, तो क्षण तीस वर्षे नाचलेल्यालाही हवा असतो.

२१) हीच कसोटी उलटी लावून पाहू. ‘हे’ नावाची एक फार जुनी हालचाल आहे. चौघे जण हात न धरता, एकदा उजव्या खांद्याने आणि एकदा डाव्या खांद्याने, वेणीच्या पेडांसारखे एकमेकांमधून जातात. जाणत्याला ती परमप्रिय. नवख्याचा मात्र तिथे घात होतो, कारण धरायला हात नाही, थांबायला जागा नाही आणि एकाची चूक चौघांना भोवते. अशी हालचाल रात्रीच्या पहिल्या नृत्यात घालू नये, हा शहाणपणा अनुभवातून आला आहे.

२२) जुने नृत्य बदलून दोघांनाही सुखावणारे कसे होते, याचा सुंदर दाखला ‘पेट्रोनेला’. मूळ स्कॉटिश परंपरेतील या नृत्यात फक्त सक्रिय जोडी बॅलन्स करून, गोल फिरत एकेक स्थान उजवीकडे सरकत असे. पुढे नर्तकांनी ती हालचाल चौघांत वाटून घेतली आणि शेवटी दोन टाळ्याही जोडल्या. नवखा ती एका फेरीत शिकतो आणि टाळी चुकली तरी काही बिघडत नाही. आज कितीतरी नव्या रचनांत ही हालचाल उचललेली दिसते.

२३) निवड चुकली तर काय पणाला लागते? गोंधळलेला, ओढला-ढकलला गेलेला नवखा पुढच्या वेळी येत नाही. उलट सतत सोपेच मिळाले तर जाणते आपापसांत जोडीदार आधीच ठरवून वादकांसमोरच्या मधल्या रांगेत गोळा होतात आणि नवख्यांच्या रांगेत सांभाळणारे कुणी उरत नाही. अशा रांगा अनेक ठिकाणी दिसल्या आणि त्यावर बरेच लिहिले-बोललेही गेले. अठराव्या शतकातील मानाचे अग्रस्थान नव्या रूपाने परत आले होते. या वेळी वंशाऐवजी कौशल्याच्या नावाने.

२४) म्हणून सारा भार एका नृत्यावर न टाकता कॉलर पूर्ण संध्याकाळ रचतो. आरंभी क्षमाशील नृत्ये. त्यानंतरच्या प्रत्येक नृत्यात एखादीच नवी हालचाल, तीही आधीच्या ओळखीच्या हालचालींत गुंफलेली. गुंतागुंतीची रचना अंगात क्रम मुरल्यावर, मध्यंतराच्या आधी. जाणत्यांसाठी एका नृत्यात एकच गंमत पुरते. कठीण नृत्य आणि रंजक नृत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्या कॉलरला उमगले त्याला हाताशी असलेली सोपी नृत्ये एकाएकी श्रीमंत दिसू लागतात.

२५) अर्धे काम वादकांचे. न्यू हॅम्पशायरचे पियानोवादक बॉब मॅक्विलन (१९२३–२०१४) यांनी हजाराहून अधिक धुनी रचल्या. नृत्याचा क्रम तोच राहतो आणि वादक मध्येच धून बदलतात. दालनातला आवेश एका क्षणात पालटतो. नवख्याला या बदलाची जाणीवही नसते, त्याची पावले अजून क्रमात गुंतलेली असतात. जाणत्याला मात्र तेच नृत्य नवे होऊन भेटते. एकाच नृत्यात दोन नृत्ये चालू असतात आणि कुणाचे कुणावाचून अडत नाही.

२६) अलीकडच्या काळात शब्दांचीही निवड झाली. ‘जंटलमेन’ आणि ‘लेडीज’ यांच्या जागी अनेक ठिकाणी ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ ही पक्ष्यांची नावे आली. कोणतीही भूमिका कोणीही घ्यावी. एका जमातीला दुखावणारे हालचालीचे जुने नावही पुष्कळांनी सोडले. यावर वाद झाले आणि अजून होतात. पण प्लेफर्डच्या पुस्तकातील ती सूचना आठवा : येतील तितक्यांसाठी. रांगेचे दार किती उघडे असावे, हाच प्रश्न प्रत्येक पिढीने आपल्या शब्दांत विचारला आहे.

२७) सारांश असा. अठराव्या शतकाने हा प्रश्न उतरंडीने सोडवला आणि खेड्यांनी परिचयाने. १९७० नंतरच्या पिढीने उतरंड नाकारली, परिचय तिच्यापाशी नव्हता; म्हणून तिला तो रचनेने सोडवावा लागला. पूर्वी रांगेत थांबणे हा शिक्षक होता. आज स्विंगमधली ती चार मात्रांची सूट आणि शेजाऱ्याचा हात हे शिक्षक आहेत. रचना सूट देऊ शकते. हात माणसालाच द्यावा लागतो.

२८) न्यू हॅम्पशायरमधील नेल्सन या छोट्या गावाच्या सभागृहात सोमवारी रात्री होणारा नाच प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी पहिल्या नृत्याला एखादा जुना नर्तक मित्रांची रांग सोडून दाराजवळ अवघडून उभ्या असलेल्या अनोळखी माणसापुढे जातो आणि ‘नाचणार का?’ म्हणून हात पुढे करतो, तेव्हा कॉलरने कितीही विचारपूर्वक निवडलेले नृत्य खऱ्या अर्थाने सोपे होते. तीस वर्षांपूर्वी त्याच्यापुढेही कुणीतरी असाच हात केलेला असतो. धागा येथे संपवतो.